सोबतीविना सोबत : शिकोकूच्या वाटेवरील एकटा यात्रेकरू

एकट्याने दीर्घ यात्रा करणाऱ्या माणसाविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यात एक गोष्ट जणू सिद्धच मानलेली असते : हा माणूस स्वतःला शोधावयास निघाला आहे. वाट हे त्या शोधाचे निमित्त. देव, मठ, मूर्ती हा केवळ देखावा. ही समजूत आधुनिक आहे आणि ती सर्वस्वी खोटी आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु ज्या वाटांवर माणसे शतकानुशतके एकटी चालत आली त्यांचा इतिहास पाहू लागले की ही समजूत अपुरी वाटू लागते. जपानच्या शिकोकू बेटावरील अठ्ठ्याऐंशी मंदिरांची परिक्रमा ही अशी एक वाट होय.

मराठी वाचकाच्या मनात यात्रा म्हटली की दिंडी उभी राहते. इरावती कर्वे यांच्या ज्या ‘वाटचाल’ या लेखाचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि यात्रेच्या अभ्यासकांनी ज्याचा पुढे आधार घेतला, त्याचाही विषय समूह हाच आहे. शिकोकूची परिक्रमा तशी नव्हे. तेथे टोळीने जाणारेही पुष्कळ. पण या वाटेची मूळ कल्पनाच एकट्या माणसाची आहे. वाटेला एक मुक्काम असा नाही. सुमारे १,२०० किलोमीटरांचे ते एक वर्तुळ आहे. चालणाऱ्यास साधारण दीड महिना लागतो, आणि अखेरीस तो निघाला त्याच जागी येऊन पोहोचतो. पहिल्या मंदिराचे नाव रियोझेन्जी. ‘रियोझेन’ म्हणजे राजगृहाजवळचा गृध्रकूट पर्वत. बेटाच्या चार जुन्या प्रांतांना साधनेच्या चार पायऱ्यांची नावे दिलेली आहेत : चित्ताचा उदय, तप, बोधी आणि निर्वाण. हा शब्दसंभार आपल्याच घरचा आहे.

या वाटेचा अधिष्ठाता कूकाई (७७४–८३५), शिंगोन या तांत्रिक बौद्ध संप्रदायाचा संस्थापक. तो ८०४ साली चीनला गेला. तेथे हुइक्वो या आचार्याकडून त्याने दीक्षा घेतली, आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताजवळ तो संस्कृत शिकला. तत्पूर्वी तारुण्यात शिकोकूच्या डोंगरांत आणि मुरोतो भूशिरावर त्याने एकांतात तप केल्याचे त्याने स्वतःच ७९७ च्या ग्रंथात नोंदविले आहे. अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सांगड त्याने घातली ही मात्र श्रद्धा. सांगड पुष्कळ नंतरची आहे. शिन्नेन नावाच्या फिरस्त्या साधूने १६८७ साली या वाटेची मार्गदर्शिका छापली तेव्हा कोठे सामान्य माणसाच्या हाती तिचा नकाशा आला.

९२१ साली कूकाईला मरणोत्तर ‘कोबो दाइशी’ ही पदवी मिळाली. तो मेला नाही, कोया पर्वतावर समाधिस्थ आहे, आणि शिकोकूच्या वाटेवर प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालतो आहे, असा लोकांचा विश्वास. यात्रेकरूच्या टोपीवर चार अक्षरे लिहिलेली असतात : ‘दोग्यो निनिन’. आल्फ्रेड बोनर या जर्मन शिक्षकाने १९३१ साली या परिक्रमेवर ग्रंथ लिहिला तेव्हा ‘दोघांची यात्रा’ हेच नाव त्याला दिले. अर्थ चुकला नाही. पण काहीतरी निसटले. ‘ग्यो’ या अक्षराचा अर्थ चालणे असाही होतो आणि साधना असाही. चिनी अनुवादकांनी संस्कृत ‘चर्या’साठी हेच अक्षर वापरले. ‘चर्’ धातूतही तेच दुहेरी सूत्र आहे : जो चरतो तो आचरतोही. तेव्हा ‘सहचर, दोघे’ असे मराठीत म्हटले तर जर्मनपेक्षा मूळाच्या अधिक जवळ जाता येते. भाषांतरकाराच्या वाट्याला असे सुख क्वचितच येते.

ही चार अक्षरे शोभेची नव्हेत. यात्रेकरूचा वेश पांढरा, म्हणजे प्रेताचा. हातातील काठी म्हणजे साक्षात दाइशी. मुक्कामाला पोहोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचा पाय धुवावयाचा. पुलावरून जाताना ती टेकावयाची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली निजला होता. आणि वाटेत मृत्यू आला तर तीच काठी थडग्यावर उभी करावयाची. जो घरातून निघाला त्याने स्वतःला आधीच मृत मानले होते. मग तो स्वतःला शोधावयास निघाला होता असे कसे म्हणावे? किंबहुना उलटच : नाव, गाव, घराणे उतरवून ठेवावयाची सोय या वाटेने केली होती. म्हणूनच कुष्ठरोगी, बेघर, गावाने टाकलेली माणसे येथे आली आणि मरेतो चालत राहिली. सत्ताधाऱ्यांना हे रुचत नसे. तोसा संस्थानाने परक्या यात्रेकरूंना ठरावीक नाक्यांवरूनच प्रवेश दिला आणि त्यांच्या राहण्याचे दिवसही बांधून दिले.

अशा माणसाला जगविले ते वाटेवरच्या गावांनी. यात्रेकरूला तांदूळ, पैसा, जोडा, रात्रीचा आसरा देण्याच्या तेथील प्रथेस ‘सेत्ताइ’ म्हणतात, आणि दिलेले नाकारावयाचे नाही असा संकेत आहे. कारण देणारा यात्रेकरूच्या मिषाने दाइशीलाच देत असतो. यात्रेकरूला आपण कोण याचा पत्ता असो वा नसो, दारातल्या म्हातारीला तो ठाऊक असतो. एकटेपणातून अर्थ निर्माण होतो असे मानणाऱ्यांनी या म्हातारीचा विचार केलेला दिसत नाही.

ताकामुरे इत्सुए हिची हकिकत या दृष्टीने फार बोलकी आहे. १९१८ साली चोवीस वर्षांची ही तरुणी प्रेमाच्या गुंत्याने हैराण होऊन कुमामोतोहून पायी निघाली. एकटीनेच जावयाचा तिचा निश्चय होता. त्या काळी अविवाहित मुलीने असे करणे हे धाडसच. क्यूशू बेट ओलांडण्यापूर्वीच एका त्र्याहत्तर वर्षांच्या वृद्धाने तिला आश्रय दिला, आणि तिच्यावर देवीची कृपा आहे असे मानून तो तिचा सेवक म्हणून सोबत निघाला. भिक्षाही बहुधा तोच मागे. तिची पत्रे कुमामोतोच्या वृत्तपत्रात १०५ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. त्यामुळे लोक तिला पाहावयास जमू लागले, कोणी रोग बरा करावयाची विनवणीही करू लागले. एकांत हवा होता आणि मिळाली ती गर्दी. वाटेवर तिला कोणताही साक्षात्कार झाल्याचे त्या पत्रांत दिसत नाही. कंटाळा, भीती, थट्टा आणि पावसाची रात्र हेच अधिक. तथापि १९३१ पासून घरात स्वतःला कोंडून घेऊन जपानी मातृवंशपद्धतीचा इतिहास लिहू लागलेली, आणि १९६४ मध्ये मृत्यू येईतो त्या कामास जुंपलेली विदुषी याच मुलीतून झाली. तिने युद्धकाळी केलेले राष्ट्रवादी लेखन मात्र तिच्या चाहत्यांना आजही अडचणीचे वाटते, आणि तसे ते वाटावे हेच योग्य.

कवी सान्तोका (१८८२–१९४०) याच्या झोळीत आईची स्मृतिपट्टिका असे. तो नऊ वर्षांचा असताना तिने आत्महत्या केली होती. तो १९३९ मध्ये ही परिक्रमा करीत होता तेव्हा ‘दोघे’ या शब्दात दाइशीबरोबर तीही सामावलेली असली पाहिजे. पुढल्याच वर्षी मात्सुयामात त्याचा अंत झाला.

१९५३ साली परिक्रमेच्या बसगाड्या सुरू झाल्या आणि पायी चालणारे तुरळक झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा दिसू लागले, आणि त्यांच्याबरोबर ‘स्वतःचा शोध’ हा शब्दप्रयोगही. नोकरी गेलेले, निवृत्त, पत्नीवियोगाने खचलेले असे कितीतरी त्यांत असतात. त्यांच्या दुःखाची चेष्टा करण्याचे कारण नाही. ते शोध म्हणतात, पूर्वीचे लोक मृत्यू म्हणत. टोपीवरची अक्षरे तीच आहेत.

त्यांना फाट्याफाट्यावर जे दगड वाट दाखवितात त्यांपैकी कित्येक नाकात्सुका मोहेइ याने बसविलेले आहेत. १८४५ साली जन्मलेला हा माणूस १८६६ मध्ये घर सोडून निघाला आणि पुन्हा गावी परतला नाही. १९२२ साली तो वारला तेव्हा त्याच्या २८० फेऱ्या झाल्या होत्या. का चालत राहिला याविषयी तर्क पुष्कळ आहेत. दगडांवर त्याचे नाव आहे, फेरीचा आकडा आहे आणि पुढच्या मंदिराची दिशा आहे.