जुना सांगाडा, नवे गिअर: रिपॅकपासून राजूर घाटापर्यंत

आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे-महाराजांचा नाही. आज बोलायचंय सायकलवर, त्यातही माउंटन बाइकवर. आणि विषय निघालाय आमच्या बुलढाण्यातल्या एका गंजक्या फ्रेममुळे.

आधी एक प्रश्न. माउंटन बाइक कोणत्या कंपनीनं शोधली? उत्तर आहे, कुठल्याच नाही. भंगारातल्या सायकलींवर नवे पार्ट चढवता चढवता ती तयार झाली.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची. 1970 च्या दशकात तिथली काही पोरं जुन्या सायकली शोधत फिरायची. 1930-40 च्या दशकातल्या, जाड टायरच्या, वजनदार. श्विन कंपनीनं 1933 मध्ये दोन इंचांहून जाड 'बलून' टायर बाजारात आणले होते, ते मुख्यतः शाळकरी पोरांच्या सायकलींसाठी. चाक 26 इंची. हीच सायकल चाळीस वर्षांनी डोंगर उतरायला कामाला आली.

21 ऑक्टोबर 1976 ला फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर पहिली शर्यत झाली. उताराचं नाव पडलं 'रिपॅक'. का? या सायकलींना पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा. मग हब खोलून नव्यानं ग्रीस भरायचं, म्हणजेच 'रिपॅक' करायचं.

त्यावर गॅरी फिशर आणि मंडळींनी जुगाड केला. हो, जुगाडच म्हणतो. टँडम सायकलचे ड्रम ब्रेक, मोटरसायकलचे लिव्हर, टुरिंग सायकलचे डिरेलर, सगळं त्या म्हाताऱ्या फ्रेमवर बसवलं. पुढे 1977 मध्ये जो ब्रीझनं याच कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजम्पर' आली आणि कारखान्यांचा जमाना सुरू झाला.

म्हणून कुणी म्हणालं, 'जुन्या सायकलला नवे पार्ट लावून तिचं मूळ रूप बिघडवू नका', की मला थोडं हसू येतं. माउंटन बाइकचं मूळ रूपच ते आहे.

आता आपल्याकडे येऊ. टीआय सायकल्स 1949, अॅटलस 1951, हीरो 1956. देशाला पायावर फिरवणाऱ्या या कंपन्या. त्यांची काळी, दांडीवाली सायकल तुम्ही दूधवाल्याकडे पाहिलीच असेल. गंमत सांगतो. तिच्या 28 इंची टायरची रिमवरची बैठक 635 मिलिमीटर व्यासाची असते. आजच्या 29 इंची माउंटन बाइकची 622. म्हणजे 'मोठं चाक खडबडीत रस्त्यावर बरं पडतं' हे आपल्या दूधवाल्याला जाहिरातीशिवाय माहीत होतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे सरळ हँडल, नक्षीदार टायर आणि 26 इंची चाक असं रूप आलं. गिअर बहुतेकींना नव्हतेच. माझ्या काकांची सायकल त्यातलीच. बुलढाणा साधारण 650 मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या रांगेत. मलकापूरकडे जायचं तर राजूर घाट, खामगावकडे बोथ्याचा घाट. अशा गावात बिनगिअरची सायकल म्हणजे उतरताना वारा आणि चढताना पायी. काकांनी ती तशीच वीस वर्षं चालवली. मग ती जिन्याखाली गेली आणि यंदा भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला. मी म्हटलं, थांबा.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुन्या सिस्टिमला नवं जोडायचं असलं की आधी जोडणीची मापं बघतात. इथेही तेच. पेडलचा अॅक्सल ज्या नळीत बसतो, तिचे आटे बहुतेक ठिकाणी इंचाला 24 असतात. पण इंग्लंडच्या रॅलेनं स्वतःचे 26 वापरले होते. दिसायला सारखेच, बसत मात्र नाहीत. त्यात चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा. हे माहीत नसेल तर माणूस जोर लावून आणखी घट्ट करतो आणि आटे खलास. आमची फ्रेम 24 ची निघाली. कॉटर पिनचे क्रँक काढून तिथे बंद बेअरिंगचा अॅक्सल बसला.

खरी अडचण मागच्या चाकाची. फ्रेमच्या मागच्या दोन पायांतलं अंतर 110 मिलिमीटर. सात गिअरच्या हबला 126 लागतात. अॅल्युमिनियमची फ्रेम असती तर तिथेच विषय संपला असता, कारण ती वाकवली की तडकते. पण ही पोलादी. आमच्या गल्लीतले मिस्त्री पंचावन्नच्या पुढचे. म्हणाले, "लोखंड हाय बाप्पा, ऐकते ते." दोन्ही बाजू आठ-आठ मिलिमीटर हळूहळू फाकवल्या. मग मागच्या एका पायापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पायापर्यंत सुतळी ताणली. सुतळीपासून सीटच्या नळीचं अंतर दोन्हीकडे सारखं आलं, म्हणजे फ्रेम सरळ. लेझर नाही, अॅप नाही.

फ्रेमवर कॅन्टिलिव्हर ब्रेकचे खुंट होते, त्यावर व्ही-ब्रेक बसले. त्याला लिव्हर मात्र जास्त तार ओढणारेच लागतात, जुने चालत नाहीत. डिस्क ब्रेक लावले नाहीत. त्याचा सगळा जोर चिमट्याच्या एका पायावर येतो आणि हा चिमटा त्यासाठी बनलेलाच नाही. नवं कुठे थांबवायचं हे जुन्या लोखंडालाच विचारावं लागतं.

एवढं झाल्यावर काकांनी विचारलं, "मंग यात माझं काय उरलं?"

प्रश्न रास्त आहे. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, 2017 मध्ये सुरू झालेलं. तिथे जुन्या सायकली त्यांच्या मूळ रूपात जपल्यात. ते काम हवंच, नाहीतर मूळ कसं होतं हे कुणाला कळणार? पण प्रत्येक सायकल संग्रहालयात जाऊ शकत नाही. बाकीच्यांना दोनच वाटा, रस्ता किंवा भंगार.

आणि भंगारात फक्त लोखंड जात नाही. 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. पार्ट संपतात, मग ते बसवणारे हात दुसऱ्या कामाला लागतात. आमच्या मिस्त्रींचा मुलगा मोटरसायकलीच दुरुस्त करतो, कारण पोट त्यावर भरतं. ती सुतळीची युक्ती त्याला येत नाही. एखादी जुनी सायकल दुकानात आली, तरच ती शिकायची वेळ येणार.

म्हणून मी दोन कामं केली. काढलेले सगळे पार्ट, कॉटर पिनसकट, डब्यात घालून ठेवले. आणि प्रत्येक माप एका वहीत लिहिलं, मिस्त्रींच्या शब्दांत. उद्या कुणाला ही सायकल पुन्हा होती तशी करायची असेल, तर करता येईल.

काकांना मी उत्तर दिलं नाही, सायकल दिली. आता ते राजूर घाट चढून येतात. गुडघे दुखतात म्हणतात, पण सायकल हाती धरून चालत नाहीत.

तुमच्या जिन्याखाली एखादी पडली असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गल्लीतल्या मिस्त्रींकडे न्या. आणि जाताना वही न्यायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.