मार्माइटची बाटली, परळ आणि केमोथेरपी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसांचे दोन गट पडतात. एक मार्माइट आवडीने खाणाऱ्यांचा आणि दुसरा त्याचे नाव काढताच तोंड वाकडे करणाऱ्यांचा. मी दुसऱ्या गटातला. मँचेस्टरला मास्टर्स करायला आलो तेव्हा हॉस्टेलमधल्या एका गोऱ्या मित्राने मोठ्या प्रेमाने टोस्टवर ते फासून दिले होते. त्यानंतर आमची मैत्री जरा आटलीच! बिअर तयार झाल्यावर उरलेल्या यीस्टपासून केलेला, डांबरासारखा काळा आणि खारट असा हा पदार्थ १९०२ सालापासून बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी तयार होतो. या बाटलीचा आपल्या परळशी आणि पुढे ब्रेस्ट कॅन्सरच्या औषधांशी काही संबंध असेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझ्या पत्नीला मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरचे निदान झाले. (तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे.) ऑपरेशन झाले, केमो सुरू झाली आणि त्याबरोबर सल्ल्यांचा पाऊसही. साखर पूर्ण बंद करा. बीटाचा रस द्या. गव्हांकुर द्या. दही अजिबात नको. दही तर हवेच! सगळे आपुलकीने सांगत होते, पण घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाने करायचे काय? मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. एखादी सिस्टीम बिघडली की आधी लॉग वाचायचा आणि मगच हात लावायचा, ही आमची शिस्त. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारात नाक खुपसले नाही. पण आहाराचा हा प्रत्येक नियम कुठून आणि कधी आला, एवढे शोधायला लागलो. शोधता शोधता पोचलो थेट गिरणगावात.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र ॲनिमिया होत असे आणि त्यात अनेकजणी दगावत. याचा तपास करायला त्यांना बोलावले होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे काम चाले. विल्सबाईंनी या बायका काय खातात, कोणत्या घरात राहतात हे बारकाईने पाहिले. जंतूंचा संसर्ग हे कारण दिसेना. मग उंदरांना आणि माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन प्रयोग झाले. काही केल्या न सुधारणाऱ्या एका माकडाला शेवटी मार्माइट दिले आणि ते सुधारले! नंतर तेच रुग्ण बायकांना दिले, तर त्याही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रसिद्ध झाले. मार्माइटमध्ये नेमके काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला नुसते 'विल्स फॅक्टर' म्हणत. (त्याच १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने इथे वेल्समध्ये वारल्या. त्यांच्या मागे टाटांनी जो पैसा कॅन्सरकडे वळवला त्यातून १९४१ साली परळलाच टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. हाफकिनपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.)

१९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी काही टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव दिले. विल्सबाईंचा फॅक्टर तो हाच. पण पालकातून असे किती काढणार? ते कारखान्यात बनवायला हवे होते, आणि इथे गोष्टीत येतात येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा हा माणूस. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने, म्हणजे ज्याला इंग्रजी डॉक्टर 'ट्रॉपिकल स्प्रू' म्हणतात त्या आतड्याच्या आजाराने, थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. स्वतः सुब्बारावही त्यातून कसेबसे वाचले. १९२३ साली ते बॉस्टनला पोचले आणि १९४० पासून लेडर्ले कंपनीत संशोधन करू लागले. त्यांच्या चमूने १९४५ च्या सुमारास फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले आणि संग्रहणीच्या रोग्यांना त्याचा गुणही आला. ज्या आजाराने भाऊ नेले त्याचे औषध सापडले, एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी ती पुरेशी होती.

पण बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडसारखी द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा आजार उलट वाढतोय असे त्यांना वाटले. मग त्यांनी उलटा विचार केला. पेशींना हे जीवनसत्त्व मिळूच दिले नाही तर? सुब्बारावांच्या चमूने फोलिक ॲसिडची तोतया रूपे तयार केली, जी पेशी खरी समजून घेते आणि फसते. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी सोळा मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या दहांमध्ये आजार काही काळ मागे हटला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. याच तोतयांपैकी एक म्हणजे मेथोट्रेक्सेट. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. जेन राइट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १९५१ साली ते ब्रेस्ट कॅन्सरवरही चालते हे दाखवले. आणि १९७६ साली मिलानच्या डॉ. बोनादोन्ना यांनी सीएमएफ या तीन औषधांच्या मिश्रणाचा अहवाल दिला. त्यातला मधला एम म्हणजे मेथोट्रेक्सेट. ऑपरेशननंतर ते घेतलेल्या २०७ बायकांपैकी ५.३ टक्क्यांना आजार उलटला, न घेतलेल्या १७९ पैकी २४ टक्क्यांना. हा हिशेब साधारण सव्वादोन वर्षांचा. ऑपरेशननंतर केमो द्यायची ही पद्धत जगभर रुळली ती मुख्यतः या आकड्यांमुळे.

माझ्या पत्नीला मेथोट्रेक्सेट नव्हते; आता बहुतेकींना वेगळी औषधे देतात. पण या इतिहासाने मला एक गोष्ट लख्ख समजली. केमोची ही पहिली औषधे म्हणजे पेशींची केलेली उपासमार होती. नंतरच्या औषधांची युक्ती वेगळी, पण रोख तोच: भराभर वाढणाऱ्या पेशी. शरीरात सर्वांत भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींपैकी एक जागा म्हणजे आतड्याचे अस्तर. ते तीन ते पाच दिवसांत नवे होते. म्हणून तोंड येणे, जुलाब, अन्नाची चव जाणे. केमो घेणाऱ्या बाईचे पोट बिघडते ते तिने काही चुकीचे खाल्ले म्हणून बिघडत नाही. ही साधी गोष्ट आमच्या घरात मोठ्याने सांगावी लागली, कारण ती स्वतःलाच दोष देऊ लागली होती.

तोंड आले त्या आठवड्यात बीटाचा रस आणि गव्हांकुर ओट्यावर तसेच राहिले. डोंबिवलीहून आलेल्या सासूबाईंनी मऊ भात, वर साजूक तूप, किंचित मेतकूट, आणि मुगाच्या डाळीचे पातळ वरण सुरू केले. डायटिशियनने यादी पाहून मान डोलावली, फक्त प्रथिने वाढवा म्हणाली. मग अंडे नीट शिजवून, पनीर कुस्करून भातात. लोणचे बंद. एका मित्राने पाठवलेल्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या मी फार्मासिस्टला दाखवल्या, तर तिने आधी त्यात फोलिक ॲसिड किती आहे ते वाचले. मला गंमत वाटली, कारण सुब्बारावांची गोष्ट तोवर वाचून झाली होती. काही औषधांबरोबर जादा फोलेट चालत नाही. फ्लुओरोयुरॅसिलच्या जातीची औषधे असली तर पोटाचा त्रास वाढू शकतो. पालकाची भाजी खाणे वेगळे आणि गोळी घेणे वेगळे, असे तिने स्पष्ट सांगितले.

उलट्यांचा इतिहासही पोटातूनच जातो. १९३० च्या दशकात इटलीच्या एर्स्पामेर यांना आतड्याच्या पेशींत एक द्रव्य सापडले. पुढे १९५२ मध्ये कळले की अमेरिकेत रक्तातून वेगळे काढलेले सेरोटोनिन ते हेच. आज सेरोटोनिन म्हटले की लोकांना मेंदू आठवतो, पण शरीरातले बहुतेक सेरोटोनिन पोटात असते. केमोने दुखावलेले आतडे ते सोडते आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला उलटीचा निरोप जातो. हा निरोप अडवणारे ऑन्डान्सेट्रॉन ग्लॅक्सोने इथेच इंग्लंडमध्ये शोधले आणि १९९० च्या सुमारास ते बाजारात आले. त्याआधीच्या बायकांनी केमो कशी सोसली असेल याची कल्पनाच करवत नाही. मात्र या गोळीने बद्धकोष्ठता होते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजले. इसबगोल, भरपूर पाणी आणि संध्याकाळची छोटी फेरी. (हेही विचारूनच.)

आता दही! पांढऱ्या पेशी कमी झाल्या की कच्चे काही द्यायचे नाही, हा नियम मोठ्या केमोच्या रुग्णांना निर्जंतुक खोल्यांत ठेवण्याच्या काळातला. १९७० च्या दशकात तो तर्काला धरूनच होता. पण तपासून कोणी पाहिले नव्हते. २००८ साली ह्यूस्टनमध्ये ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांचे दोन गट केले, एकाला सगळे शिजवलेले आणि दुसऱ्याला ताजी फळे-भाज्याही. मोठ्या संसर्गात लक्षणीय फरक दिसला नाही. २०२३ साली इटलीतल्या मोठ्या चाचणीतही बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत तेच. याचा अर्थ काहीही खा असा नाही. न पाश्चराइझ केलेले दूध, अर्धवट शिजलेले मांस आणि अंडे, न धुतलेली कोथिंबीर यांना आजही मज्जावच आहे.

दह्याची बाजू घेणारे पहिले मोठे शास्त्रज्ञ म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉफ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे मांडले आणि युरोपभर दह्याची लाट आली. प्लेगची लस करणारे आपले हाफकिन त्यांचेच शिष्य, म्हणजे गोष्ट पुन्हा परळलाच येते! आयुष्य वाढण्याचे सिद्ध झाले नाही. प्रोबायोटिक कॅप्सूल तर केमोत मनाने घेऊच नयेत, कारण प्रतिकारशक्ती खालावलेली असताना त्यांतले जंतू क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत. आमच्या टीमचे उत्तर असे: रक्ताचे आकडे ठीक असतील त्या आठवड्यांत पाश्चराइझ दूध उकळून लावलेले ताजे दही चालेल, आकडे खाली असतील तेव्हा थांबा. फ्रिजवर मी त्याचा तक्ता लावला. सासूबाईंना तक्ते आवडत नाहीत, पण हा त्यांनी पाळला.

उपचार संपल्यावरच्या आहाराबद्दलही एक जुनी चाचणी आहे. अमेरिकेत ३,०८८ बायकांपैकी निम्म्यांना भरपूर भाज्या, भाज्यांचा रस, फळे आणि कमी चरबी असा कडक आहार दिला, बाकीच्यांना नेहमीचा चांगला सल्ला. २००७ मध्ये निकाल आला: आजार उलटण्याचे प्रमाण १६.७ आणि १६.९ टक्के. माझ्या पत्नीने हे आकडे दोनदा वाचले. तिचे वजन केमोत कमी न होता चार किलो वाढले होते. स्टेरॉइड आणि घरात बसणे यामुळे ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हे पुष्कळदा होते. आता ती रोज चालते. रात्री ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि डाळ घेते, आणि गणपतीत तिने दोन मोदक खाल्ले. बीटाच्या रसाची चौकशी करणारे फोन अजून येतात. ते ती स्वतःच घेते.