पाडलेल्या यंत्रगृहाची साक्ष

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉलमधील तांब्याच्या व कथलाच्या खाणींत पाणी उपसण्यासाठी अठराव्या शतकापासून बाष्पयंत्रे बसविण्यात आली. खाण बंद पडली की यंत्र विकले जाई किंवा मोडीत निघे. यंत्रगृहाचे दगडही पुष्कळदा अन्य बांधकामासाठी उचलले जात. अशा जागी इतिहाससंशोधकाच्या हाती बहुधा केवळ पाया उरतो.

तथापि हा पुरावा तुच्छ नव्हे. यंत्रगृह हे यंत्रावरील नुसते छत्र नसून यंत्राचेच एक अंग होते. यंत्राची अवजड तुळई खाणीच्या विहिरीकडील भिंतीवर तोललेली असे. म्हणून ती भिंत इतर भिंतींहून जाड बांधीत. साहजिकच, भुईसपाट वास्तूतही जाड पाया विहिरीची दिशा दाखवितो. सिलिंडरखालील दगडी चौथरा व त्यातील बोल्टांची भोके यांवरून यंत्राच्या आकाराचा अंदाज येतो. बाष्पित्राच्या जागेतील राख आणि धूरमार्ग इंधनव्यवस्था उलगडतात.

मात्र एका पायावरून एकच यंत्र गृहीत धरणे धोक्याचे होय. व्हील बिझी या खाणीवर १७७५ मध्ये स्मीटनचे ७२ इंच व्यासाच्या सिलिंडरचे यंत्र उभे राहिले आणि १७७७ मध्येच तेथे वॉटचे यंत्र आले. असे फेरबदल दगडांच्या थरांत उमटतात. म्हणूनच जुनी विहीर बुजवून जमीन सपाट करण्यापूर्वी पायाचे मोजमाप व आरेखन झाले पाहिजे. एकदा हललेला चौथरा पुन्हा साक्ष देत नाही.