पाळत, नोंदणी आणि खासगीपण : वसाहतकालीन अनुभवाचा एक विचार

एकोणिसाव्या शतकातील भारतीय भाषांच्या मुद्रितांचा तुलनात्मक अभ्यास ज्या साधनांवाचून अपुरा राहतो, त्यांपैकी बरीचशी शासकीय पाळतीतून निर्माण झालेली आहेत. मुंबई, बंगाल आदी प्रांतांतील भाषांतर-कार्यालये देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्यास सिद्ध करीत. हे अहवाल गोपनीय असत. ज्यांचे मूळ अंक आज उपलब्ध नाहीत, अशा कित्येक पत्रांची मते या सारांशांतूनच कळतात. त्यावरून पाळत अखेर उपकारकच ठरली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या दृष्टीची पूर्वपीठिका जेम्स लाँग या मिशनऱ्याच्या कार्यात आढळते. बंगाली ग्रंथांच्या सूची करणाऱ्या लाँगने १८५७च्या उठावानंतर असे प्रतिपादले, की देशी मुद्रितांकडे लक्ष दिले असते तर सरकारला असंतोष आधीच उमगला असता. राज्यकर्त्यांनी प्रजेचे म्हणणे ऐकावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु १८६१मध्ये ‘नीलदर्पण’ नाटकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल बदनामीच्या खटल्यात त्यालाच एक महिन्याचा कारावास व एक हजार रुपये दंड झाला. प्रजेचे म्हणणे जाणून घेणे आणि ते सहन करणे या भिन्न गोष्टी होत, हे यातून स्पष्ट झाले.

१८६७च्या कायद्याने मुद्रित ग्रंथांची नोंदणी सक्तीची केली. मात्र तिच्या सूची दर तिमाहीस राजपत्रात प्रसिद्ध होत. म्हणूनच न्या. म. गो. रानडे यांना १८९८मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेताना नोंदणीतून मिळणाऱ्या माहितीचा आधार घेता आला. साप्ताहिक सारांशांचे तसे नव्हते. कोणता उतारा निवडला, त्याचा अर्थ कसा लावला, हे संपादकास कळत नसे. त्यामुळे चुकीच्या अनुवादाचा प्रतिवादही करता येत नसे. १८७८च्या देशी वृत्तपत्र कायद्याने शासनास जामीन मागण्याचा व मुद्रणालय जप्त करण्याचा अधिकार दिला, आणि त्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. ‘अमृत बझार पत्रिका’ तत्काळ इंग्रजीत निघू लागली. १८८२मध्ये तो कायदा रद्द झाला. पाळत मात्र चालूच राहिली.

पाळतीचा परिणाम लेखनाच्या घडणीवरही झाला. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात पौराणिक कथेआड समकालीन राजकारण उभे राहिले. १९१०मध्ये त्यावर बंदी आली. अशा रूपकाचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेस द्यावयाचे, पाळतीस नव्हे. भयापोटी जे लिहिलेच गेले नाही, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

वृत्तपत्र निदान सर्वांसमोर येते. पत्र आणि संभाषण मात्र एकासाठीच असते. १८८५च्या तार कायद्याने व १८९८च्या टपाल कायद्याने पाळतीची मुभा तेथवर पोहोचविली. स्वातंत्र्यानंतरही हे कायदे टिकले. दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावरील मर्यादेस कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक मानली. २०२३च्या नव्या दूरसंचार व टपाल कायद्यांनी जुन्यांची जागा घेतली. संदेश अडविण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.

राज्यास सुरक्षिततेसाठी माहिती लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वसाहतकालीन अनुभव लाभहानीचा निराळा निकष सुचवितो. पाहिले जाणाऱ्यास ते कधी तरी कळते काय, आणि त्याला प्रतिवाद करता येतो काय? नोंदणी या कसोटीस बहुतांशी उतरली. गुप्त सारांश उतरले नाहीत. त्यांचा लाभ शतकानंतरच्या अभ्यासकास झाला, किंमत मात्र तत्कालीन लेखकाने मोजली. एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून वजा करता येत नाही.