याकुत्स्कमधील हिवाळी जीवन
याकुत्स्क ही रशियाच्या साखा प्रजासत्ताकाची राजधानी जगातील सर्वांत थंड मोठ्या शहरांपैकी एक आहे. जानेवारीत येथील तापमान −४० °से.च्या आसपास असते. १८९१ मध्ये ते −६४.४ °से.पर्यंत उतरले होते. शहराखालची जमीन बारमाही गोठलेली आहे. घराच्या उबेने ती वितळल्यास पाया खचतो. म्हणून इमारती खांबांवर उभारून त्यांच्याखालून थंड हवा खेळती ठेवतात. नळवाहिन्याही जमिनीवरूनच नेतात. वाहने उबदार गॅरेजमध्ये ठेवतात, नाहीतर तासन्‌तास चालू ठेवतात. बाजारातील मासे उघड्यावरच लाकडासारखे कडक होतात. विक्रेत्यांना शीतकपाट लागत नाही. लेना नदी गोठली की तिच्यावरून मोटारी पैलतीरी जातात. खरी अडचण बर्फ धरताना व फुटताना येते, कारण तेव्हा बोटी आणि हा रस्ता दोन्ही बंद असतात.