औरंगाबादेचा दत्तक

लोकमान्य टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या खटल्यात सरकारने त्यांना राजद्रोही नव्हे तर लबाड ठरवू पाहिले, त्याची आठवण काढणारा आता विरळाच. माझ्या मते टिळकांची खरी कसोटी तिथेच लागली.

7 ऑगस्ट 1897 रोजी वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पुण्यातील पहिल्या वर्गाचे सरदार पटकीने वारले. टिळक तीनच दिवसांपूर्वी जामीन मिळून तुरुंगाबाहेर आलेले; त्यांचा स्वतःचा खटला अद्याप उभा राहावयाचा होता. तशा स्थितीत मरणाऱ्या मित्राने मृत्युपत्र केले आणि टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमले. पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही, अथवा होऊन जगला नाही, तर त्यांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असा त्यात मजकूर होता. मुलगा झाला, पण दोन महिन्यांतच गेला.

1901 च्या जूनअखेरीस औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या मुलखात, घराण्याच्या तिकडील शाखेतला जगन्नाथ नावाचा मुलगा ताईमहाराजांच्या मांडीवर देण्यात आला. पुण्यास परतल्यावर मात्र बाईंचे मन फिरले. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराजांस दत्तक घेतले आणि औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्या सांगू लागल्या.

टिळकभक्त चरित्रकार बाईंना भोळसट ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. नवरा गेला, पोटचे मूल गेले, आणि आता आपल्या मांडीवर कोणी बसावे हेही परपुरुषांच्या संमतीने ठरावयाचे! बाईंनी नाही म्हटले यात नवल ते काय? पण मन बदलणे वेगळे आणि घडलेले घडलेच नाही म्हणणे वेगळे.

बाईंचा अर्ज जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे आला. त्यांनी एप्रिल 1902 मध्ये मृत्युपत्राचे प्रोबेट तर रद्द केलेच, वर टिळकांना फौजदारी आरोपांसाठी मॅजिस्ट्रेटकडे पाठविले. प्रोबेटचा हुकूम पुढे हायकोर्टाने फिरविला. फौजदारी काम मात्र थांबले नाही. 24 ऑगस्ट 1903 रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सुनावला. त्याच वर्षी टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. ताईमहाराजही त्याच वर्षी वारल्या. जानेवारी 1904 मध्ये सेशन्स जज्ज लुकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांना हातकड्या घालून तुरुंगात नेले. शेवटी 4 मार्च 1904 रोजी सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या हायकोर्टाने शिक्षा रद्द केली.

दुसरा कोणी इथे थांबला असता. इस्टेट मित्राची होती, मित्र जाऊन सात वर्षे होत आली होती, आणि तडजोडीत स्वतःचे काहीच बुडत नव्हते. पण फौजदारी कोर्टात सुटल्याने दत्तक खरा ठरत नाही. दिवाणी दावा चालूच होता. 1906 मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो टिळकांच्या बाजूने दिला. 1910 मध्ये हायकोर्टाने तो उलटविला, तेव्हा टिळक मंडालेस होते. औरंगाबादेची हकीकत सांगणारी मंडळी संगनमताने खोटे बोलतात, हा डाग पुन्हा लागला. तो पुसला प्रिव्ही कौन्सिलने, 26 मार्च 1915 रोजी.

या निकालात लॉर्ड शॉ यांनी एक साधी गोष्ट सांगितली आहे. शपथेवर उभ्या असलेल्या साक्षीदाराविरुद्ध कागद वापरावयाचा असेल, तर आधी तो त्याच्यापुढे ठेवा आणि खुलासा करण्याची संधी त्याला द्या. पुराव्याच्या कायद्यातील 145 व्या कलमाची चर्चा निघाली की हा निकाल वकील आजही काढतात. 1 जुलै 2024 पासून नव्या अधिनियमात ते कलम 148 झाले, एवढाच फरक.

जव्हारच्या कोर्टात वकिली करताना मला त्याचे मोल ग्रंथांपेक्षा साक्षीदारांमुळे अधिक कळले. मोखाड्याकडून एस.टी.ने आलेला वारली किंवा कोकणा माणूस पिंजऱ्यात उभा राहतो. आरोपी त्याचा भाऊ असतो. चौकीत आपल्या नावावर काय लिहिले गेले, हे त्याला पुष्कळदा ठाऊकच नसते. ठाऊक करून घ्यावे तर वाचता येत नाही. समोरचा वकील तो कागद फडकावून म्हणतो, भावासाठी खोटे बोलतोस. अशा वेळी उठून एवढेच म्हणावयाचे असते की, आधी ते त्याला वाचून दाखवा. वाचून दाखविले की कधी तो मान हलवितो, कधी म्हणतो, "असं मी बोललोच नव्हतो, साहेब." नात्यातला साक्षीदार खोटाच असतो, असे कायदा मानीत नाही, माणसे मानतात.

टिळकांनाही तेच भोवले होते. मित्राशी इमान राखणारा मनुष्य मित्रासाठी खोटेही बोलेल, हा तर्क पुण्यात गोऱ्या न्यायाधीशांना फार सोपा वाटला.

1915 च्या निकालाने जगन्नाथमहाराज कायद्याने बाबामहाराजांचे पुत्र ठरले. औरंगाबादेस ते लहान मूल म्हणून मांडीवर बसले होते, त्याला तोवर जवळजवळ चौदा वर्षे होत आली होती.