धुराड्याचा माथा : न्यू इंग्लंडमधील जुन्या घरांच्या दुरुस्तीचा एक इतिहास

१

घराच्या इतिहासाची साधने म्हणून आपण बहुधा त्याचा आराखडा, खांब-तुळयांचा सांगाडा आणि दर्शनी भाग यांकडे पाहतो. छपराबाहेर आलेल्या धुराड्याच्या माथ्याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः हिमप्रदेशातील घराचा सर्वांत आधी झिजणारा, आणि म्हणूनच सर्वांत अधिक वेळा दुरुस्त होणारा भाग तोच होय. ज्या भागाची वारंवार दुरुस्ती होते त्यात प्रत्येक पिढीची सामग्री, समजूत आणि चूक ही थराथराने साठत जातात. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातील, विशेषतः मॅसॅच्युसेट्स व र्‍होड आयलंड येथील, जुन्या घरांच्या आधारे हा इतिहास पाहावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : धुराड्याच्या माथ्यावरील थर हा झिजण्यासाठीच असतो, स्वतः झिजून तो खालच्या विटेचे रक्षण करतो. पहिल्या दोन शतकांतील गवंड्यांकडून हे तत्त्व मुख्यतः सामग्रीच्या तुटवड्यामुळे पाळले गेले. टिकाऊपणाच्या मोहाने नंतरच्या काळात ते मोडले गेले. आणि विटांचा पुष्कळ नाश झाल्यावर ते पुन्हा मान्य करावे लागले.

आरंभी दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. विटांच्या शेवटच्या थरावर, धूरनळीच्या तोंडाभोवती, बाहेरच्या बाजूस उतार देऊन घातलेला चुन्याचा वा सिमेंटचा थर म्हणजे ‘क्राउन’, अर्थात मुकुट. नळीच्या तोंडावर थोड्या उंचीवर बसविलेले दगडाचे वा धातूचे आच्छादन म्हणजे ‘कॅप’, अर्थात टोपी. मुकुट पाण्याला भिंतीपासून दूर ठेवतो. टोपी त्याला नळीत पडू देत नाही. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि दोघांचे कार्य भिन्न आहे आणि त्यांचा इतिहासही भिन्न आहे.

२

शब्दाचा प्रवास येथे उद्बोधक ठरतो. इंग्रजी ‘चिमनी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिन ‘कामिनाता’, त्यामागे लॅटिन ‘कामिनुस’ आणि सर्वांच्या मुळाशी ग्रीक ‘कामिनोस’, म्हणजे भट्टी. शब्दाचा आरंभ असा अग्नीपासून झाला. मध्ययुगीन इंग्रजीत तो भिंतीतील चुलाण्यालाही लावीत. पुढे तो धूर वाहून नेणार्‍या नळीस आणि शेवटी छपरावर दिसणार्‍या मनोर्‍यास लागू झाला. अर्थ चुलीपासून माथ्यापर्यंत वर सरकत गेला. आपला ‘धुराडे’ हा शब्द मात्र आरंभापासूनच धुराशी बांधलेला आहे. आणि इंग्रजीतून घेतलेली ‘चिमणी’ आपल्या अंगणातील पाखराच्या नावात अशी बेमालूम मिसळली, की गिरणीची चिमणी व रॉकेलची चिमणी म्हणताना तिचे परकेपण कोणास जाणवत नाही.

हा अर्थविस्तार घरबांधणीतील एका स्थित्यंतराशी जुळतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात सामान्यांच्या घरांत धुराड्यांचा प्रसार झाला. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये आपल्या इंग्लंडवर्णनात, गावातील वृद्धांच्या आठवणीत धुराडी किती वाढली याची नोंद केली आहे. न्यू इंग्लंडमध्ये गेलेले वसाहतकार धुराड्याची सवय घेऊन गेले. वीट आणि चुना मात्र त्यांना तेथे सहज मिळणारे नव्हते.

३

पहिली धुराडी म्हणून कुडाची होती. लाकडी चौकटीत पट्ट्या बसवून त्यांवर आतून-बाहेरून चिकणमाती लिंपीत. माती सुकली, तडकली किंवा पावसाने वाहून गेली, की उघड्या पडलेल्या लाकडास ठिणगी पुरे. बॉस्टनमध्ये १६३१ च्या मार्च महिन्यात टॉमस शार्प याच्या घराला लागलेली आग याचे ठळक उदाहरण होय. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने आपल्या रोजनिशीत तिचे कारणही नोंदविले आहे : धुराड्याच्या माथ्याजवळच्या पट्ट्या मातीने लिंपलेल्या नव्हत्या. आग तेथून गवती छपरास लागली. न्यू इंग्लंडच्या लिखित इतिहासाच्या अगदी प्रारंभी, माथ्याची दुर्लक्षिलेली लिंपण हे घर जळण्याचे कारण म्हणून नोंदले जावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याच महिन्यात टॉमस डडली याने इंग्लंडला पाठविलेल्या पत्रावरून असे दिसते की, नव्याने वसवावयाच्या नगरात, म्हणजे आजच्या केंब्रिजमध्ये, लाकडी धुराडे व गवती छप्पर यांस मनाई करण्यात आली होती. शेजारच्या डच वसाहतीतही, न्यू ॲम्स्टरडॅम येथे, १६४८ मध्ये लाकडी धुराड्यांवर बंदी घालून आगीची देखरेख करणारे अधिकारी नेमले गेले. विटेचे धुराडे ही नुसती सुबत्तेची खूण नव्हती. शेजार्‍याच्या घराविषयीची ती सार्वजनिक जबाबदारी होती.

४

विटा भाजता येत होत्या. अडचण चुन्याची होती. मॅसॅच्युसेट्सच्या किनार्‍यावर चुनखडी दुर्मिळ असल्यामुळे शिंपले भाजून चुना करीत. असा चुना जपून वापरणे भाग होते. त्यामुळे अनेक जुन्या घरांत एक वैशिष्ट्यपूर्ण विभागणी आढळते : छपराखालील धुराडे चिकणमातीत बांधलेले आणि छपरावरील भाग तेवढा चुन्यात. घराच्या आत पाऊस पोहोचत नाही, तेथे माती पुरते. उघड्यावर चुना हवाच. र्‍होड आयलंडमध्ये परिस्थिती निराळी होती. तेथील लाइम रॉक या ठिकाणी चुनखडी मिळत असल्यामुळे घराची एक संपूर्ण बाजूच दगडी धुराड्याची करण्याची पद्धत रूढ झाली. जॉन्स्टन येथील क्लेमन्स-आयरन्स घर (१६९१) आणि लिंकन येथील एलिअझर आर्नल्ड घर (१६९३) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. चुनखडीचा एक साठा घराचे रूप बदलू शकतो, याचा हा चांगला पुरावा आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र धुराडे घराच्या मध्यभागी ठेवण्याचा प्रघात पडला. डेडम येथील फेअरबँक्स घराचे लाकूड वृक्षवलयांच्या अभ्यासावरून १६३७ ते १६४१ या काळातील ठरते; त्याच्याही पोटात असे भव्य धुराडे आहे. खोल्यांच्या मधोमध असलेले धुराडे घराला ऊब देते आणि स्वतःही उबदार राहते. हिवाळ्याशी त्याचा उघडा सामना होतो तो फक्त छपरावरच्या काही फुटांत. येथेच जुन्या गवंड्यांचे कौशल्य दिसते. छपराच्या किंचित वर ते विटांचा एखादा थर पुढे काढीत, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी छपराच्या सांध्यात न शिरता बाहेर पडे. माथ्याजवळचे थर क्रमाक्रमाने बाहेर काढून त्यांवर चुन्याचा उतार देत. हा उतार काही वर्षांनी झिजे व पुन्हा घातला जाई. आपल्याकडे भुई सारवणार्‍या घरास या व्यवहाराचे नवल वाटणार नाही. सारवण टिकत नाही म्हणून कोणी त्यास निकृष्ट म्हणत नाही; ते पुन्हा घालावयाचेच असते.

५

झीज होते कशी, हे पाहिल्यावाचून पुढील इतिहास कळणार नाही. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. विटेच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी भरलेले असताना ते गोठले, तर त्या दाबाने विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. येथे थंडीच्या तीव्रतेपेक्षा गोठण्या-वितळण्याच्या आवर्तनांची संख्या अधिक घातक ठरते. दिवसा वितळून रात्री गोठावे, अशी हवा न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात वारंवार असते. शिवाय धुराडे चारही बाजूंनी उघडे असते, आणि खालच्या आगीच्या उष्णतेने माथ्यावरचे हिम स्वतःच वितळवून तेच पाणी आपल्या भेगांत घेते.

अशा भिंतीत सांध्याचा चुना विटेपेक्षा मऊ व अधिक सच्छिद्र असेल, तर ओलावा सांध्यावाटे बाहेर पडतो, हालचालीचा ताण चुना सोसतो, आणि झिजतो तोही चुनाच. दर्जा पुन्हा भरता येतात. वीट पुन्हा भाजता येत नाही. उलट सांधा विटेपेक्षा कठीण आणि बंद असेल, तर ओलावा विटेत कोंडतो आणि फुटते ती वीट. सर्व वाद या एका क्रमाचा आहे : दोहोंपैकी आधी कोणी झिजावे?

६

टोपीचा इतिहास पाण्यापेक्षा वार्‍याशी अधिक जोडलेला आहे. बेंजामिन फ्रँकलिन याने १७८५ मध्ये समुद्रप्रवासात यान इंगेनहाउस यास लिहिलेल्या दीर्घ पत्रात धुराडी घरात धूर का ओकतात, याची नऊ कारणे सांगितली आहेत. उंच इमारतीवरून किंवा टेकडीवरून खाली येणारा वारा धूर परत लोटतो, हे त्यांपैकी एक. त्यावर वार्‍याबरोबर फिरणारी आणि सदैव त्याच्याकडे पाठ करणारी पत्र्याची टोपी हा रूढ उपाय तो नमूद करतो. पाऊस रोखणे हे तेव्हा टोपीचे मुख्य प्रयोजन नव्हते. मोठ्या चुलाण्याची धग नळीत पडलेला थोडा पाऊस सुकवून टाकी.

ही धगच पुढे कमी झाली. मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे जन्मलेला बेंजामिन टॉमसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याने १७९६ च्या सुमारास चुलाण्याचा गळा अरुंद करून उष्णतेचा अपव्यय टाळण्याची रीत प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगड्या व दगडी कोळसा आला. विसाव्यात तेल आणि वायू. घर उबविण्याची कार्यक्षमता जसजशी वाढली तसतसा धूर थंड होत गेला. नैसर्गिक वायूतील मुख्य घटक जो मिथेन, तो १ किलो जळला असता सुमारे सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपाने निघते. जुन्या रुंद, थंड धुराड्यात ही वाफ माथ्याशी पोहोचण्यापूर्वीच पाणी होते. आजवर बाहेरून भिजणारा माथा आता आतूनही भिजू लागला.

७

याच काळात गवंड्याच्या हाती नवे द्रव्य आले. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कोप्ली येथे डेव्हिड सेलर याने १८७१ मध्ये स्वतःचे पेटंट मिळविले. हे सिमेंट लवकर घट्ट होई, पाण्यास दाद देत नसे, आणि मुख्य म्हणजे ‘कायमचे’ वाटे. विसाव्या शतकात जुन्या, मऊ, लाकडावर भाजलेल्या विटांच्या दर्जाही त्यानेच भरल्या जाऊ लागल्या. मुकुटासाठी तर विटा रचून उरलेला गिलावाच माथ्यावर पसरण्याची पद्धत पडली. असा थर कडेला पातळ होत जाई, विटेच्या रेषेतच संपे, आणि नळीच्या मातीच्या अस्तरास घट्ट चिकटे. अस्तर तापून वर सरकले की मुकुट तडके. भेगेतून पाणी शिरे. ते गोठून भेग रुंदावे. वर अखंड दिसणारा थर खालच्या विटांना पाणी पाजीत राही.

या अनुभवाचे अधिकृत निरूपण १९७६ मध्ये झाले. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने ऐतिहासिक इमारतींच्या दर्जा भरण्याविषयी प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेत, नवा गिलावा विटेपेक्षा मऊ आणि अधिक ओलावा सोडणारा असावा, हा नियम घालून दिला. १९९८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. सतराव्या शतकातील गवंड्यास जे परिस्थितीने शिकविले होते, ते आता शास्त्राच्या भाषेत मांडले गेले.

आजची निर्दोष दुरुस्ती या तत्त्वास धरून असते. जुना सांधा त्याच्या रुंदीच्या किमान दुपटी-अडीचपटीने खोल, विटेची कड न दुखविता कोरून काढतात आणि चुन्याच्या मिश्रणाने भरतात. हे काम गोठणार्‍या हवेत करीत नाहीत. मुकुट काँक्रीटचा करावयाचा असेल, तर तो कडेलाही किमान ५ सेंटीमीटर जाड ठेवतात, विटेच्या बाहेर सुमारे ६ सेंटीमीटर काढतात आणि त्याच्या खालच्या अंगास खाच ठेवतात, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तेथूनच गळतो. मुकुट विटेस चिकटू देत नाहीत. नळीभोवतीही फट ठेवून ती लवचीक द्रव्याने भरतात. अशा रीतीने कठीण द्रव्य वापरूनही ते विटेपासून अलग ठेवले जाते. मात्र भिंतीस श्वास घेऊ न देणारा जलरोधक लेप हा जुन्याच चुकीचा नवा अवतार होय.

८

इतिहासाच्या अभ्यासकाने यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली पुराव्याविषयीची. जुन्या घरांच्या धुराड्यांचा छपरावरील भाग बहुधा पुन्हा बांधलेला असतो. त्यावरून घराचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. उलट माळ्यावर, छपराच्या लगेच खाली, जेथे जुनी माती व नवा चुना किंवा सिमेंट एकत्र येतात, तेथे दुरुस्तीचा क्रम वाचता येतो. म्हणून माथा उतरविण्यापूर्वी त्याच्या थरांची नोंद घेणे हे इतिहासाचेच काम आहे. एकदा कोरून टाकलेला सांधा परत वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट कल्पनेविषयीची. दुरुस्ती म्हणजे दुबळ्या जागी अधिक बळकट वस्तू घालणे, असे आपण गृहीत धरतो. धुराड्याच्या माथ्याचा इतिहास या गृहीतास अनुकूल नाही. १६३१ मध्ये घर जळाले ते माती दुबळी होती म्हणून नव्हे. माथा लिंपलेला नव्हता म्हणून. विसाव्या शतकात विटा फुटल्या त्या बळकट द्रव्याने एकदाच काम संपविण्याच्या इच्छेमुळे. तीन शतके जे माथे टिकले त्यांचा टिकाव द्रव्याच्या काठिण्यापेक्षा पुन्हापुन्हा छपरावर चढणार्‍या गवंड्याच्या श्रमांवर अधिक अवलंबून होता. त्या गवंड्यांची नावे बहुतेक लुप्त झाली आहेत. त्यांचे काम मात्र, झिजलेल्या आणि पुन्हा भरलेल्या दर्जांच्या रूपाने, वाचणार्‍यास अद्याप उपलब्ध आहे.